मध्ययुगीन युरोपातील चिलखताची निवड : किंमत, वजन आणि संरक्षण यांचा ताळमेळ

प्रस्तावना :

मध्ययुगीन युरोपातील युद्ध म्हटले की नखशिखांत चकाकणाऱ्या पोलादात मढलेला अश्वारूढ सरदार, म्हणजेच 'नाइट', डोळ्यांसमोर उभा राहतो. वस्तुसंग्रहालये, चित्रपट आणि पाठ्यपुस्तकातील चित्रे यांनी ही प्रतिमा दृढ केली आहे. परंतु मध्ययुगीन सैन्यातील बहुसंख्य माणसे अशा पोशाखात कधीच लढली नाहीत. त्यांच्यापुढील प्रश्न अगदी व्यावहारिक होता. हाती असलेल्या पैशात शरीराचा कोणता भाग झाकावा, कशाने झाकावा आणि ते ओझे अंगावर घेऊन दिवसभर चालता-लढता येईल काय, हा तो प्रश्न होय.

विशेष म्हणजे हा प्रश्न अलीकडच्या काळात इतिहासग्रंथांपेक्षा संगणकीय खेळांनी अधिक लोकांपर्यंत पोहोचविला आहे. २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या 'माउंट अँड ब्लेड' या तुर्कस्तानात तयार झालेल्या खेळात प्रत्येक चिलखताला किंमत आणि वजन दिलेले असते. डोके, धड आणि पाय यांच्या संरक्षणाचे आकडे वेगवेगळे असतात. १४०३ मधील बोहेमियाची पार्श्वभूमी असलेल्या 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' या २०१८ मधील झेक खेळात कापडी अस्तर, कड्यांचे चिलखत आणि पत्रा असे थर एकावर एक चढवावे लागतात. कमी खर्चात, कमी वजनात अधिकाधिक संरक्षण देणारी जोडणी शोधणे हा अशा खेळांतील नित्याचा उद्योग आहे. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा मध्ययुगाशी पहिला परिचय याच मार्गाने होतो. त्यामुळे या खेळांतील हिशेब इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे तपासणे अध्यापनाच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मध्ययुगीन युरोपात चिलखताची किंमत आणि वजन यांचा निवडीवर झालेला परिणाम पाहणे.
२) कायद्याने ठरवून दिलेल्या शस्त्र-चिलखतांच्या याद्यांमधून संरक्षणाचा अग्रक्रम शोधणे.
३) उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांच्या आधारे या अग्रक्रमाचे परिणाम तपासणे.
४) संगणकीय खेळातील निवड आणि ऐतिहासिक निवड यांतील साम्य व भेद स्पष्ट करणे.

परिभाषा :

मराठीत 'चिलखत' हा एकच शब्द अनेक प्रकारांसाठी वापरला जातो. विवेचनाच्या सोयीसाठी येथे चार प्रकार वेगळे केले आहेत. पहिला प्रकार कापडी चिलखताचा होय. त्यास गँबेसन म्हणतात. तागाच्या कापडाचे अनेक थर एकमेकांवर ठेवून, अथवा दोन थरांमध्ये ताग-लोकर भरून, गोधडीसारखे घट्ट शिवलेले हे वस्त्र असे. दुसरा प्रकार कड्यांच्या चिलखताचा. यात लोखंडी तारेच्या हजारो कड्या एकमेकींत गुंफून खिळ्यांनी बंद केलेल्या असतात. गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या लांब चिलखतास हॉबर्क आणि आखूड चिलखतास हॉबर्जन म्हणत. तिसरा प्रकार पत्रे जोडलेल्या अंगरख्याचा. यात कापडाच्या अथवा कातड्याच्या आतील बाजूस लोखंडी पत्रे खिळ्यांनी बसवीत. पुढे बारीक पत्र्यांच्या अशा अंगरख्यास ब्रिगँडाइन हे नाव पडले. चौथा प्रकार शरीराच्या आकारानुसार घडविलेल्या पत्र्याच्या चिलखताचा होय.

हे चार प्रकार एकामागून एक आले आणि आधीचा प्रकार नाहीसा झाला, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. पंधराव्या शतकात हे चारही प्रकार एकाच सैन्यात, पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगावर दिसतात. कड्यांचे चिलखत तलवारीची धार अडविते. पण घावाचा आघात अडवीत नाही. म्हणून त्याखाली कापडी अस्तर आवश्यक असे. पत्र्याच्या चिलखतातही काख, जांघ आणि गळा या सांध्यांच्या जागी कड्यांची जाळी लागे. थोडक्यात, चिलखत ही एक वस्तू नसून ती अनेक वस्तूंची जोडणी होती.

सुरुवातीचे मूल्यमापन :

चिलखताच्या किमतीचा एक जुना आणि स्पष्ट पुरावा फ्रँक लोकांच्या रिपुआरियन कायद्यात मिळतो. दंडाची रक्कम वस्तुरूपाने भरावयाची झाल्यास कोणती वस्तू किती सॉलिडस नाण्यांची धरावी, याची यादी त्यात आहे. त्यानुसार कड्यांच्या चिलखताचे मूल्य १२ सॉलिडस, शिरस्त्राणाचे ६, पायांवरील संरक्षणाचे ६, म्यानासह तलवारीचे ७, तर ढाल आणि भाला या जोडीचे केवळ २ सॉलिडस धरले आहे. निरोगी बैलाचे मूल्यही २ सॉलिडस होते.

या आकड्यांचा अर्थ शेतीप्रधान समाजाच्या भाषेत लावला तर तो सहज ध्यानात येतो. ढाल आणि भाला घेऊन लढाईस जाणारा माणूस एका बैलाची किंमत अंगावर वागवीत होता. कड्यांचे चिलखत घेणाऱ्यास सहा बैल मोडावे लागत. डोके, धड आणि पाय असे तिन्ही भाग झाकावयाचे तर २४ सॉलिडस, म्हणजे बारा बैल खर्ची पडत. संरक्षणाच्या साधनांत सर्वांत स्वस्त ढालच होती, कारण ती मुख्यतः लाकडाची असे. ज्याला चिलखत परवडत नाही त्याचे चिलखत म्हणजे ढाल, असे म्हणता येईल.

राज्यसंस्थेलाही या किमतीची जाणीव होती. शार्लमेनने ७७९ च्या हेरस्टालच्या आज्ञापत्राद्वारे कड्यांचे चिलखत राज्याबाहेर विकण्यास मनाई केली. ८०५ च्या थियोनव्हिलच्या आज्ञापत्रानुसार १२ मान्सुस, म्हणजे बारा कुटुंबांच्या निर्वाहाइतकी जमीन धारण करणाऱ्यावर चिलखत बाळगण्याची सक्ती होती. चिलखत असूनही ते मोहिमेवर न आणणाऱ्याची जहागीर आणि चिलखत दोन्ही जप्त होत. एका माणसाचे धड लोखंडाने झाकण्यासाठी बारा शेतकरी कुटुंबांचे श्रम लागतात, हा या नियमामागील हिशेब होता.

कायद्याने ठरविलेली जोडणी :

चिलखताच्या निवडीचा सर्वांत पद्धतशीर पुरावा इंग्लंडच्या कायद्यांतून हाती येतो. दुसऱ्या हेन्रीने ११८१ मध्ये शस्त्रास्त्रविषयक फर्मान काढले. त्यात स्वतंत्र प्रजाजनांची मालमत्तेनुसार वर्गवारी केली आहे. नाइटची जहागीर धारण करणारा, तसेच १६ मार्क किंवा त्याहून अधिक मालमत्ता असणारा स्वतंत्र माणूस यांनी कड्यांचे लांब चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि भाला बाळगावा. १० मार्कांच्या धन्याने आखूड चिलखत, लोखंडी टोप आणि भाला बाळगावा. नगरवासी आणि उर्वरित स्वतंत्र प्रजाजन यांनी गँबेसन, लोखंडी टोप आणि भाला बाळगावा. एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड, अर्थात १३ शिलिंग ४ पेनी.

पहिल्या एडवर्डच्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्यात हीच पद्धत अधिक बारकाईने मांडली आहे. १५ ते ६० वर्षे वयाच्या प्रत्येक पुरुषास तो लागू होता. १५ पौंडांची जमीन आणि ४० मार्कांची जंगम मालमत्ता असणाऱ्याने लांब चिलखत, लोखंडी टोप, तलवार, सुरी आणि घोडा ठेवावा. १० पौंडांची जमीन आणि २० मार्कांची मालमत्ता असणाऱ्याने आखूड चिलखत, लोखंडी टोप, तलवार आणि सुरी ठेवावी. ५ पौंडांची जमीन असणाऱ्यास शिवलेला कापडी अंगरखा, लोखंडी टोप, तलवार आणि सुरी एवढे पुरे होते. त्याखालील, म्हणजे ४० शिलिंगांपासून पुढे उत्पन्न असणाऱ्याने तलवार, धनुष्यबाण आणि सुरी ठेवावी. त्याहून गरिबांनी कोयत्यासारखी हत्यारे आणि सुऱ्या बाळगाव्यात. या सर्वांची तपासणी वर्षातून दोनदा होई.

या दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या असता तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे लोखंडी टोपाचे स्थान. श्रीमंतीच्या पायऱ्या उतरत गेल्या तरी डोक्यावरील लोखंड कायम राहते. बदलते ते धडावरचे आवरण; लांब चिलखताच्या जागी आखूड, आखुडाच्या जागी कापडी. दुसरी गोष्ट अशी की पायांच्या संरक्षणाचा उल्लेख कोणत्याही पायरीवर नाही. तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १२८५ च्या कायद्यात ५ पौंडांच्या रेषेखाली संरक्षण संपते आणि केवळ शस्त्र उरते. राजाने गरिबाकडून लढण्याची अपेक्षा केली. त्याच्या बचावाची अपेक्षा मात्र केली नाही.

११८१ च्या फर्मानातील आणखी एका तरतुदीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ही साधने विकण्यास, गहाण टाकण्यास किंवा दान करण्यास बंदी होती. मालक मरण पावल्यास ती वारसाकडे जात. आपल्या वाट्याहून अधिक चिलखते कोणी जवळ ठेवू नयेत आणि जादा असल्यास राजसेवेत वापरणाऱ्याकडे ती सोपवावीत, असाही दंडक होता. ज्यू समाजाने चिलखत बाळगू नये, असे त्यात स्वतंत्रपणे म्हटले आहे. म्हणजेच कोणी काय ल्यावे हे केवळ पैशावर ठरत नव्हते. दर्जा, धर्म आणि राजसत्तेची गरज यांचाही त्यात वाटा होता.

कापडी चिलखताचे सामर्थ्य :

कापडी चिलखत म्हणजे गरिबाची नाइलाजाने केलेली तडजोड, असा समज प्रचलित आहे. उपलब्ध साधने या समजास पूर्णतः दुजोरा देत नाहीत. फ्रान्सचा राजा अकरावा लुई (राज्यकाल १४६१-१४८३) याच्या काळातील सैनिकी पोशाखाविषयीच्या आदेशात तागाच्या कापडाचे २५ ते ३० थर आणि त्यावर सांबराच्या जातीच्या हरणाचे कातडे अशी रचना सुचविली आहे. वापरून मऊ झालेले जुने कापड त्यासाठी उत्तम, असेही त्यात म्हटले आहे. घरातील जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवणाऱ्या समाजास यामागील तर्क समजावून सांगण्याची गरज नाही.

१४८३ मध्ये इंग्लंडला भेट देणाऱ्या डोमिनिक मान्चिनी या इटालियन निरीक्षकाचे वर्णनही असेच आहे. वरच्या थरातील लोक सोडले तर इंग्रज सैनिक छातीवर धातू वापरीत नाहीत. ते कमरेखाली पोहोचणारे, मऊ पदार्थ भरलेले अंगरखे घालतात, असे तो नोंदवितो. अंगरखा जितका मऊ, तितका तो बाण आणि तलवारीचा घाव चांगला झेलतो, ही सैनिकांची धारणाही त्याने दिली आहे. उन्हाळ्यात हलका आणि हिवाळ्यात अधिक उपयोगी, हे त्याचे आणखी दोन गुण सांगितले आहेत. किंमत, वजन आणि हवामान या तिन्हींचा एकत्र विचार करणारे हे सैनिकाचे स्वतःचे शहाणपण होय.

कापडी चिलखताचा दुसरा मोठा गुण म्हणजे ते घडविण्यास लोहार लागत नाही. शिवणकाम जाणणाऱ्या कोणत्याही गावात ते तयार होऊ शकते आणि फाटल्यास घरी दुरुस्त होते. वापरून झिजलेले कापड मात्र टिकत नाही. म्हणूनच आज संग्रहालयांत मध्ययुगीन कापडी चिलखते अत्यल्प आढळतात आणि श्रीमंतांची पोलादी चिलखते मोठ्या संख्येने दिसतात. जे टिकले ते सर्वसामान्य नव्हते आणि जे सर्वसामान्य होते ते टिकले नाही. चिलखताच्या इतिहासातील मोठा गैरसमज येथूनच निर्माण झाला आहे.

वजनाचा प्रश्न :

पत्र्याचे चिलखत इतके जड असे की सरदाराला घोड्यावर यारीने चढवावे लागे, ही दंतकथा लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४ मधील 'हेन्री द फिफ्थ' या चित्रपटाने जगभर नेली. वास्तवात पंधराव्या शतकातील लढाईच्या पूर्ण चिलखताचे वजन साधारणतः २० ते २५ किलोग्रॅम असे. कड्यांचे लांब चिलखत एकटेच साधारणतः १० ते १५ किलोग्रॅमचे असे. बूसिको या नावाने प्रसिद्ध असलेला फ्रेंच सेनानी झां ल मँग्र (१३६६-१४२१) चिलखत घालून कोलांट्या मारीत असे आणि शिडीच्या खालच्या बाजूने हातांवर चढत असे, अशी नोंद त्याच्या समकालीन चरित्रात आहे.

तथापि वजनाचा एकूण आकडा आणि त्या वजनाचा प्रत्यक्ष जाच या भिन्न गोष्टी आहेत. ओझे किती यापेक्षा ते कोठे आहे, हे महत्त्वाचे असते. कड्यांच्या चिलखताचा भार मुख्यतः खांद्यांवर लोंबतो. कमरपट्टा आवळून त्याचा काही भाग कमरेवर घेता येतो. पत्र्याच्या चिलखताचे भाग अंगातील बंडीला जागोजागी बांधलेले असल्याने त्याचा भार सर्वांगावर विभागला जातो. परंतु ही विभागणीच पायांच्या बाबतीत महागात पडते.

ग्रॅहॅम अस्क्यू आणि त्यांचे सहकारी यांनी चिलखताच्या प्रतिकृती घातलेल्या अनुभवी व्यक्तींना चालत्या पट्ट्यावर चालवून आणि धावायला लावून केलेले मापन २०११ मध्ये रॉयल सोसायटीच्या शोधपत्रिकेतून प्रकाशित झाले. चिलखतामुळे चालण्यास लागणारी ऊर्जा २.१ ते २.३ पट आणि धावण्यास लागणारी ऊर्जा १.९ पट होते, असे त्यांना आढळले. तेवढेच वजन पाठीवर घेतले असता इतकी ऊर्जा लागत नाही. याचे कारण असे की पायावर बांधलेले प्रत्येक किलो दर पावलागणिक उचलावे आणि पुढे झुलवावे लागते. शिवाय छातीवरील पत्र्यामुळे श्वास खोल घेता येत नाही; थकलेला माणूस उथळ आणि वारंवार श्वास घेत राहतो.

२५ ऑक्टोबर १४१५ रोजी झालेल्या अजिंकूरच्या लढाईत या गोष्टीचा प्रत्यय आला. पावसाने भिजलेल्या नांगरटीतून फ्रेंच सरदार पूर्ण चिलखतानिशी पायी पुढे सरकले आणि शत्रूपर्यंत पोहोचताना दमले. समोरील इंग्रज तिरंदाजांपैकी बहुतेकांच्या अंगावर चिलखत नव्हते. काहींच्या डोक्यावर उकळून कडक केलेल्या कातड्याच्या, तर काहींच्या डोक्यावर वेताने विणलेल्या व वरून लोखंडी पट्ट्या मारलेल्या टोप्या होत्या. काही जण तर अनवाणी होते, असे त्या काळचे इतिवृत्तकार लिहितात. केवळ चिलखताच्या वजनाने ही लढाई जिंकली-हरली गेली, असे म्हणता येणार नाही. भूभाग, नेतृत्व आणि गर्दी ही कारणे तितकीच महत्त्वाची होती. मात्र चिखलात हलकेपणा हेच एक संरक्षण ठरू शकते, हे या प्रसंगातून दिसते. येथेही डोक्यावर काही तरी असावे, हा आग्रह सुटलेला नाही, हे लक्षणीय होय.

हाडांची साक्ष :

कायद्याच्या याद्या काय असावे ते सांगतात. प्रत्यक्षात काय घडले ते सांगण्याचे काम सांगाडे करतात. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याने बाल्टिक समुद्रातील गोटलंड बेटावरील शेतकऱ्यांच्या सैन्याचा व्हिस्बी नगराच्या तटाबाहेर पराभव केला. उन्हाळ्याचे दिवस असल्याने प्रेते घाईने सामूहिक खड्ड्यांत पुरण्यात आली आणि अनेकांच्या अंगावरील चिलखते तशीच राहिली. १९०५ ते १९३० या काळात झालेल्या उत्खननांत सुमारे ११८५ व्यक्तींचे अवशेष हाती आले. बेंग्ट थोर्डेमन यांनी १९३९-४० मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

या खड्ड्यांत सुमारे पंचवीस पत्रेजडित अंगरखे आणि कित्येक कवट्यांवर कड्यांच्या टोपड्या मिळाल्या. त्यांपैकी काही अंगरखे १३६१ च्या मानाने जुन्या धर्तीचे होते. घरात पिढीजात चालत आलेली वस्तू संकटाच्या वेळी बाहेर काढून अंगावर चढविली गेली असावी, हे त्यावरून उघड होते. घावांची विभागणी त्याहून बोलकी आहे. हाडांवरील तलवार-कुऱ्हाडीच्या घावांत पायांच्या, विशेषतः नडगीच्या हाडांवरील घाव फार मोठ्या प्रमाणावर आहेत. धड पत्र्यांनी आणि शरीराचा वरचा भाग ढालीने झाकलेला असल्याने शत्रूने उघड्या पायांवर घाव घातले, असा याचा अर्थ लावला जातो. पाय कापला गेलेला माणूस खाली पडे आणि नंतर त्याच्या डोक्यावर वार होई.

याउलट चित्र इंग्लंडमधील टाउटन येथे दिसते. २९ मार्च १४६१ रोजी झालेल्या या लढाईतील मृतांचा एक सामूहिक खड्डा १९९६ मध्ये बांधकामाच्या वेळी सापडला. त्यातील अभ्यासलेल्या २८ कवट्यांपैकी २७ कवट्यांवर मृत्यूच्या वेळचे घाव होते. धडावरील हाडांवर मात्र घाव तुलनेने थोडे होते. पळताना किंवा पकडले गेल्यावर या माणसांच्या डोक्यावर शिरस्त्राण उरलेले नसावे, असे अभ्यासकांचे मत आहे. कायद्याने सर्वांत आधी डोके झाकण्यास का सांगितले, याचे उत्तर टाउटनने दिले. पाय उघडे ठेवण्याची किंमत काय होती, ते व्हिस्बीने सांगितले.

पत्रा स्वस्त कसा झाला?

चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर हा हिशेब हळूहळू बदलला. १३४७ पासून पसरलेल्या प्लेगच्या साथीने युरोपची लोकसंख्या मोठ्या प्रमाणात घटली आणि मजुरी वाढली. कड्यांच्या चिलखतात लोखंड थोडे पण श्रम अपार असतात; प्रत्येक कडी वेगळी वळवावी, भोक पाडावे आणि खिळ्याने बंद करावी लागते. दुसऱ्या बाजूस पाणचक्कीवर चालणारे घण आणि मोठ्या भट्ट्या यांमुळे पत्रा सुलभ झाला. धातुशास्त्राच्या अंगाने चिलखतांचा अभ्यास करणारे ॲलन विल्यम्स यांनी २००३ मधील ग्रंथात या बदलाची चिकित्सा केली आहे. पंधराव्या शतकात जर्मनीतील इझरलोन येथे कड्यांच्या आखूड चिलखताची किंमत ४.६ गुल्डेन, तर पत्र्याच्या चिलखताची ४.३ गुल्डेन होती. सहाशे वर्षांपूर्वी जे श्रीमंतीचे लक्षण होते, ते कड्यांचे चिलखत आता पत्र्याहून महाग पडू लागले.

अर्थात सर्व पत्रे सारखे नव्हते. मिलानच्या कारागिरांचे, उष्णता देऊन कठीण केलेले पोलाद आणि स्वस्त चिलखताचे मऊ लोखंड यांत मोठे अंतर होते. १४४१ मध्ये सर जॉन क्रेसी यांनी खरेदी केलेल्या मिलानच्या तयार चिलखतास ८ पौंड ६ शिलिंग ८ पेनी, तर स्क्वायर दर्जाच्या चिलखतांस ५ पौंडांपासून ६ पौंड १६ शिलिंग ८ पेनीपर्यंत किंमत पडली. त्या काळी पूर्ण शस्त्रसज्ज स्वाराचे रोजचे वेतन १२ पेनी होते. २४० पेनींचा एक पौंड या हिशेबाने मिलानचे चिलखत सुमारे १६७ दिवसांच्या आणि स्क्वायरचे चिलखत १०० ते १३७ दिवसांच्या वेतनाइतके होते.

ज्यांना नवे परवडत नसे त्यांच्यासाठी जुन्या मालाची बाजारपेठ होती. प्रातो येथील व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी (मृत्यू १४१०) याने आव्हिन्यों येथे चिलखतांचा मोठा व्यापार केला. मिलानहून नवा माल आणण्याबरोबरच भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या बरखास्त झाल्या की त्यांची उतरलेली चिलखतेही तो विकत घेई. लूट, वारसा, उसनवारी आणि जुना बाजार या चार वाटांनी चिलखत सामान्यांपर्यंत पोहोचत होते. त्यामुळे ते मापाचे क्वचितच असे.

स्वस्त आणि हलक्या जोडणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण १५१२ मधील आहे. आठव्या हेन्रीच्या शासनाने ग्विदो पोर्तिनारी या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याकडून 'आल्मेन रिव्हेट' नावाचे २००० संच प्रत्येकी १६ शिलिंग दराने घेतले. प्रत्येक संचात शिरस्त्राण, गळपट्टा, छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा आणि हातांवरील सरकत्या पत्र्यांची जोडी होती. सैनिकाचे रोजचे वेतन ६ पेनी धरले तर हा संच अवघ्या ३२ दिवसांच्या वेतनात बसतो. या यादीत पायांसाठी काहीही नाही. ११८१ च्या फर्मानानंतर ३३१ वर्षांनी, तंत्रज्ञान आमूलाग्र बदलल्यावरही, अग्रक्रम तोच राहिला.

खेळातील निवड आणि इतिहासातील निवड :

आता प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळता येईल. किंमत, वजन आणि संरक्षण हे तीन घटक स्वतंत्र मानून त्यांचा मेळ घालण्याची खेळातील पद्धत मध्ययुगीन व्यवहारापासून दूर नाही. शरीराच्या भागांचे वेगळे मोजमाप आणि थरांची कल्पना याही बाबतींत हे खेळ अनेक लोकप्रिय चित्रपटांपेक्षा इतिहासाच्या अधिक जवळ जातात.

भेद मात्र तीन आहेत. पहिला भेद निवडीच्या स्वातंत्र्याचा. खेळाडूपुढे संपूर्ण दुकान खुले असते. मध्ययुगीन शेतकऱ्यापुढे कायद्याने नेमून दिलेली पायरी, बापाची जुनी वस्तू आणि गावचा शिंपी एवढेच असत. दुसरा भेद वजनाच्या स्वरूपाचा. खेळात बहुधा एकूण वजन मोजले जाते. प्रत्यक्षात पायावरील किलो आणि खांद्यावरील किलो यांचा जाच निराळा असतो, आणि चिखल, ऊन व श्वास यांची त्यात भर पडते. तिसरा भेद चुकीच्या परिणामाचा. खेळात उघड्या पायावर बसलेला घाव पुढील डावात भरून निघतो. व्हिस्बीच्या शेतकऱ्याला दुसरा डाव मिळाला नाही, आणि पाय उघडे ठेवण्याचा निर्णयही पुष्कळदा त्याचा स्वतःचा नव्हता.

निष्कर्ष :

१) मध्ययुगीन युरोपात चिलखताचा अग्रक्रम प्रथम डोके, नंतर धड आणि सर्वांत शेवटी पाय असा होता. ११८१, १२८५ आणि १५१२ मधील याद्या या क्रमाबाबत एकमुखाने बोलतात.

२) पाय वगळण्यामागे दोन कारणे एकत्र आली. पायांचे संरक्षण शिरस्त्राणाइतके महाग होते आणि चालताना सर्वाधिक थकविणारेही तेच होते.

३) शिवलेला कापडी अंगरखा आणि लोखंडी टोप ही कमी खर्चाची, हलकी आणि सर्वाधिक प्रचलित जोडणी होती. ती केवळ नाइलाज नव्हती. सैनिकांनी अनुभवाने मान्य केलेली योजना होती.

४) कड्यांच्या चिलखताकडून पत्र्याकडे झालेले संक्रमण संरक्षणाच्या गरजेइतकेच मजुरी आणि उत्पादनतंत्र यांतील बदलांमुळे घडले.

५) चिलखताच्या निवडीत व्यक्तीच्या पसंतीपेक्षा मालमत्ता, दर्जा आणि राजाज्ञा यांचा वाटा मोठा होता. कोणाचे शरीर किती मोलाचे, याची वर्गवारीच या याद्यांतून व्यक्त होते.

समारोप :

चिलखताचा इतिहास हा कारागिरीचा इतिहास आहे, तसाच तो विषमतेचाही इतिहास आहे. संग्रहालयातील काचेमागील पोलादी पोशाख पाहताना, तो न परवडलेल्या हजारोंचा विचार क्वचितच होतो. संगणकीय खेळाच्या पडद्यावर किंमत आणि वजन यांची आकडेमोड करणाऱ्या विद्यार्थ्याला १२८५ च्या कायद्याची यादी आणि व्हिस्बीच्या नडग्यांवरील घाव दाखविले, तर त्याच आकडेमोडीतून इतिहासाचा गंभीर प्रश्न उभा राहू शकतो. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाच्या हालचालींचा अभिमानाने उल्लेख करणाऱ्या मराठी इतिहासलेखनालाही हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बारगीर आणि शिलेदार यांच्या अंगावर नेमके काय होते, ते कोणाच्या पैशाने आले होते आणि त्यांचा हलकेपणा कितपत त्यांनी निवडलेला होता, याचा शोध याच दिशेने घेता येईल.